दहावा माणूस घेण्याआधी: छोट्या धंद्यातला स्टाफ, पगार आणि कायदा

छोट्या धंद्यात एचआर डिपार्टमेंट वगैरे काही नसतं. मालक असतो, बिलं बघणारं घरातलंच कोणीतरी असतं आणि आठवड्यातून दोनदा येणारा टॅलीवाला (कॉम्प्युटरवर हिशोब लिहिणारा) असतो, हे तिघं मिळून माणसं घेतात, पगार करतात, भांडणं मिटवतात. चालतं तसं बरीच वर्षं. गडबड होते ती माणसं वाढायला लागली की, कारण आपल्याकडचे बहुतेक कामगार कायदे तुमचा टर्नओव्हर बघतच नाहीत, ते डोकी मोजतात. एक माणूस ठेवला की काही नियम, पाच झाले की अजून एक, दहा झाले की एकदम चार-पाच, वीस झाले की पीएफ आणि बोनस. म्हणून खालचं सगळं त्या आकड्यांच्या हिशोबाने लिहिलंय. दुकान, ऑफिस, क्लिनिक, क्लास, केटरिंग, छोटं वर्कशॉप असा पाच ते पंचवीस माणसांचा पसारा महाराष्ट्रात चालवणाऱ्यांसाठी. गोव्यातल्या मंडळींना पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), पॉश (कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) हे केंद्राचे कायदे सेम लागतात, राज्याचे मात्र तिकडचे वेगळे.

आधी डोकी मोजा, पण नीट

"आमच्याकडे नऊच जण आहेत" असं ठासून सांगणाऱ्यांकडे प्रत्यक्षात तेरा-चौदा निघतात. मस्टरवर नऊ, झाडलोटीच्या मावशी कॅशमध्ये, रात्रीचा वॉचमन एजन्सीचा, दोन पोरं "ट्रायलवर" आणि शनिवार-रविवार येणारा एक पार्टटायमर. हे सगळे मोजले जातात. एजन्सीमार्फत आलेली माणसंसुद्धा पीएफ-ईएसआयसीच्या मोजणीत तुमच्याकडेच धरतात, पगार त्यांना कोणी का देईना. दोन ब्रँच असतील तर पीएफसाठी दोन्हीकडची माणसं एकत्र धरतात, त्यामुळे "इकडे अकरा तिकडे दहा" हा हिशोब तिथे चालत नाही. प्रोप्रायटर आणि भागीदार मोजत नाहीत, पण प्रायव्हेट लिमिटेडचा डायरेक्टर पगार घेत असेल तर तो आला. अप्रेंटिस कायद्याखाली पोर्टलवर रीतसर नोंदलेला शिकाऊ सुटतो, आपण तोंडाने कोणाला "ट्रेनी" म्हटलं म्हणून तो सुटत नाही.

आणि पीएफचं एक लक्षात ठेवा, वीसचा आकडा एकदा गाठला आणि पीएफ लागू झाला की नंतर माणसं पंधरावर आली तरी तो सुटत नाही. दिवाळीच्या सीझनला दोन महिन्यांसाठी पाच जण वाढवताना हे डोक्यात पाहिजे.

एक ते वीस

पहिला माणूस ठेवला तेव्हापासून किमान वेतन लागतं. महाराष्ट्रात ते धंद्याच्या प्रकाराप्रमाणे, झोनप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल असं वेगवेगळं असतं, मूळ दर आणि वर विशेष भत्ता, आणि हा विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैला बदलतो. बरेच जण एकदा दर बघून ठेवतात आणि तीन वर्षं तोच चालवतात, तिथे फसतात. कॅलेंडरवर जानेवारी आणि जुलैवर खूण करून ठेवा, झालं.

शॉप ऍक्ट, म्हणजे ज्याला मुंबईत अजून गुमास्ता म्हणतात तो. २०१७ च्या नव्या कायद्यात मुळात दहापेक्षा कमी माणसं असतील तर लायसन्स नाही, फक्त सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन इंटिमेशन द्यायचं, त्याची पावती मिळते, बँकेत करंट अकाउंट उघडायला तीच चालते. दहा किंवा जास्त असतील तर रजिस्ट्रेशन. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची पायरी वीसवर न्यायला आणि रोजचे तास ९ चे १० करायला मंजुरी दिली आणि मग तसा वटहुकूमही निघाला, त्यामुळे नवीन अर्ज भरताना किंवा ड्युटीचं टाइमटेबल लावताना कामगार विभागाच्या साइटवरचा ताजा मजकूर वाचूनच भरा, एजंटकडचा जुना फॉरमॅट नको. मराठी पाटी मात्र माणसं किती का असेनात लागतेच, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहाच्या आतल्यांनाही. देवनागरीत, आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा मराठी अक्षरं लहान नकोत.

प्रोफेशन टॅक्स हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा प्रकार. दोन नंबर असतात, पीटीईसी म्हणजे तुमचा स्वतःचा, वर्षाला २,५०० भरायचे, आणि पीटीआरसी म्हणजे स्टाफच्या पगारातून कापून भरायचा. पुरुषांना साडेसात हजारापर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत महिना १७५, त्यावर २०० आणि फेब्रुवारीत ३००. बायकांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंतच्या पगारावर शून्य आहे. हे अजूनही कित्येक ठिकाणी कापतात, सॉफ्टवेअरमध्ये जेंडर भरलेलं नसतं म्हणून! एकदा चेक करा.

पाच माणसं झाली की महाराष्ट्र कामगार कल्याण निधी. रक्कम किरकोळ, मार्च २०२४ पासून सहा महिन्यांना माणसामागे कामगाराचे २५ आणि तुमचे ७५, जून आणि डिसेंबरच्या पगारात कापायचे, १५ जुलै आणि १५ जानेवारीपर्यंत भरायचे. रक्कम किरकोळ म्हणूनच कोणी भरत नाही आणि नंतर पाच वर्षांचं एकदम निघतं.

दहा ही खरी मोठी पायरी. ईएसआयसी (२१,००० पर्यंत पगार असलेल्यांना), ग्रॅच्युइटी (माणूस सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम), प्रसूती रजेचा कायदा आणि पॉशची अंतर्गत समिती, हे सगळं इथे येतं. प्रसूती रजा २६ आठवडे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. बाई ईएसआयसीत असेल तर पैसे ईएसआयसी देते, नसेल तर तुम्ही. मग मालक लोक काय करतात, लग्न ठरलेल्या मुलीला घेतच नाहीत. त्यापेक्षा दहा झाल्या झाल्या ईएसआयसी काढा, २१,००० पर्यंतच्या पगारवाल्यांपुरता तरी त्या खर्चाचा प्रश्न संपतो.

वीसला पीएफ आणि बोनस. पन्नासला पाळणाघर, ते आत्ता सोडून द्या.

प्रायव्हेट लिमिटेड नवीन काढली असेल तर पीएफ आणि ईएसआयसीचे नंबर कंपनीसोबतच आलेले असतात, २०२० पासून तसंच आहे. नंबर आला म्हणजे लगेच भरायचं असं नाही, आकडा गाठल्यावर भरायचं. पण लॉगिन-पासवर्ड कोणाकडे आहे ते आजच शोधून ठेवा, बहुतेक वेळा तो कंपनी काढून देणाऱ्या सीएच्या ऑफिसातल्या सोडून गेलेल्या पोराच्या मोबाईलवर असतो.

माणूस कितीला पडतो

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो मला, कारण प्लॅनिंग म्हणजे शेवटी हेच. उमेदवाराशी बोलणं "हातात किती" वर होतं आणि मालकाचा हिशोबही तिथेच थांबतो. समजा वीसच्या वर माणसं आहेत आणि एकाला १५,००० बेसिक धरून ठेवलं. तुमच्या बाजूचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, विमा आणि ऍडमिन चार्जेस मिळून एक टक्का म्हणजे १५०, ईएसआयसी ३.२५ टक्के म्हणजे ४८८, बोनस किमान ८.३३ टक्के धरला तर महिन्याला १,२५०, ग्रॅच्युइटीची तरतूद वर्षाला पंधरा दिवसांचा पगार भागिले २६ च्या हिशोबाने महिन्याला ७२१. बेरीज १९,४०० च्या पुढे. आणि त्या माणसाच्या हातात? पीएफ १,८००, ईएसआयसी ११३, प्रोफेशन टॅक्स २०० जाऊन १२,८८७. म्हणजे तुमच्या खिशातून एकोणीस-चारशे जातात आणि तो घरी जाऊन सांगतो की मला पावणेतेरा-तेरा मिळतात. ही साडेसहा हजाराची दरी आधी कागदावर मांडून त्याला दाखवा, पीएफमधले पैसे त्याचेच आहेत हे सांगा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात "साहेब कापू नका ना पीएफ" सुरू होतं आणि तुम्हीही वैतागून ऐकता.

बोनस इथे मी पूर्ण पगारावर धरलाय, कायद्यात मोजायची रक्कम ७,००० किंवा तुमच्या धंद्याचं किमान वेतन यातली जी मोठी ती आहे, म्हणजे थोडा कमी बसू शकतो. जास्त धरून चाललेलं बरं. नव्या धंद्याला पहिली पाच वर्षं नफा झाला नाही तर बोनसमधून सूट आहे, पण दिवाळीला काहीच दिलं नाही तर काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता नवीन काय झालंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले, वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या जागेची सुरक्षा. छोट्या मालकाला त्यातलं सगळ्यात आधी लागणारं म्हणजे वेतनाची व्याख्या. पूर्वी बेसिक ६,००० आणि बाकी एचआरए, कन्व्हेयन्स, स्पेशल अलाउन्स अशी उतरंड रचून पीएफ-ग्रॅच्युइटी कमी बसवायचे, आता भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. जुनी सॅलरी स्ट्रक्चर्स एकदा काढून बघा. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरत असाल तर त्यात फार फरक पडणार नाही, ग्रॅच्युइटी आणि रजेच्या पैशात पडेल.

एक फायद्याची गोष्ट पण आहे. पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ दरम्यान जादा माणसं घेतली तर सरकार मालकाला माणसामागे महिना ३,००० पर्यंत दोन वर्षं देतं. ५० पेक्षा कमी स्टाफ असेल तर किमान दोन जादा माणसं घ्यावी लागतात आणि ती सहा महिने टिकावी लागतात, पीएफ रिटर्न वेळेवर पाहिजेत. वीसच्या उंबरठ्यावर उभे असाल आणि पीएफला घाबरून माणूस घेत नसाल तर हे गणित एकदा करून बघा, पहिली दोन वर्षं तरी बराचसा पीएफ निघून येतो.

वर्षाचं कॅलेंडर

मनुष्यबळ नियोजन म्हटलं की लोकांना एक्सेल आणि ग्राफ आठवतात. छोट्या धंद्यात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर होतं. तुमची माणसं कुठली आहेत ते लिहा आणि कोण कधी गायब होणार ते खुणा करा. कोकणातले गणपतीला आणि शिमग्याला जाणारच, तुम्ही रजा दिली नाही तरी जाणार, मग देऊनच टाका. यूपी-बिहारची पोरं छठला आणि होळीला, आणि ती चार दिवसांसाठी जात नाहीत, तिकीट मिळेल तसं तीन आठवडे धरा. गावाकडे शेती असलेले जूनमध्ये पेरणीला, एप्रिल-मे लगीनसराई, फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्यांची मुलं दहावी-बारावीला आहेत ते. या खुणांच्या शेजारी तुमचा सीझन लिहा. केटरिंगवाल्याची लगीनसराई आणि स्टाफच्या घरची लग्नं एकाच तारखांना येतात, हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी आश्चर्य वाटतं.

मग जिथे दोन्ही टक्कर होते तिथे काय करायचं ते चार महिने आधी ठरवा. सीझनपुरती माणसं पाहिजेत तर फिक्स्ड टर्म करारावर घ्या, तारखा लिहून, पगार आणि सवलती कायम माणसाइतक्याच द्याव्या लागतात आणि नव्या कोडप्रमाणे अशा माणसाला एक वर्ष पूर्ण झालं की ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं थांबायचं नाही. "सहा महिन्यांनी ब्रेक देऊन परत घेऊ" हा जुना खेळ आता फारसा उपयोगाचा नाही.

दिवाळीनंतरच्या राजीनाम्यांचं पण धरून चला. बोनस हातात पडला की लोक हलतात, यात त्यांचं काही चुकत नाही, तो पैसा कमावलेला असतो. ऑक्टोबरमध्येच दोन-तीन चांगल्या बायोडेटांशी बोलणं चालू ठेवा.

आणि एक यादी करा की कुठलं काम फक्त एकाच माणसाला येतं. मशीनचं सेटिंग, जीएसटीचं पोर्टल, अमुक गिऱ्हाईकाशी बोलणं. त्या प्रत्येकाच्या शेजारी दुसरं नाव येईपर्यंत त्या माणसाची पगारवाढ तुम्ही ठरवत नाही, तो ठरवतो.

जॉइनिंगच्या दिवशी

अपॉइंटमेंट लेटर द्या, सगळ्यांना, मावशींनाही. एक पान मराठीत पुरतं: नाव, काम, जागा, पगार आणि त्याचे तुकडे, तास, साप्ताहिक सुट्टी, प्रोबेशन, नोटीस किती दिवस, रजा. सही दोन्ही बाजूंची. लोकांना वाटतं लेटर दिलं की माणूस कायम झाला, उलट आहे, लेटर नसेल तर तो कधीपासून आणि किती पगारावर होता हे तोच सांगेल आणि ते खोडायला तुमच्याकडे काहीच नसेल.

कागद: आधार, पॅन, बँक पासबुक, जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) असेल तर तो, पीएफचा फॉर्म ११, नॉमिनी, ईएसआयसीसाठी घरच्यांची माहिती. मूळ मार्कशीट आणि कोरे चेक ठेवून घ्यायची काही ठिकाणी पद्धत आहे, ती बंद करा, प्रकरण वाढलं तर तुमच्यावरच उलटतं. तसंच "सोडल्यावर दोन वर्षं याच लाइनमध्ये काम करणार नाही" असं लिहून घेतात, करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर ते कोर्टात टिकत नाही. ट्रेनिंगवर खरंच खर्च केला असेल तर त्याचा वाजवी बॉंड वेगळी गोष्ट.

चौदा वर्षांखालचं पोरगं ठेवायचंच नाही, हॉटेलवाल्यांनी "गावचा भाचा आहे" वगैरे सांगू नये.

ईएसआयसीची नोंद पहिल्याच दिवशी करा. कायद्यात दहा दिवस आहेत, पण चौथ्या दिवशी बोट मशीनमध्ये गेलं आणि तुम्ही संध्याकाळी नोंद करायला बसलात तर तारीख आणि वेळ दोन्ही सिस्टीममध्ये दिसतं आणि मग चौकशी लागते. ज्यांना ईएसआयसी लागूच नाही, म्हणजे दहाच्या आतले किंवा २१,००० च्या वरचे, त्यांच्यासाठी डब्ल्यूसी पॉलिसी घ्या, एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशनची. कामावर अपघात झाला तर भरपाई मालकाच्या डोक्यावर असते, विमा असो नसो. हप्ता फार नसतो, छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांनी तर हे सोडूच नये.

पगार, रजा, कापाकापी

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, बँकेतून, आणि स्लिप द्या, व्हॉट्सऍपवर पीडीएफ टाकली तरी चालेल पण द्या. पीएफ आणि ईएसआयसी १५ तारखेपर्यंत. पगारावर टीडीएस बसत असेल तर तो ७ ला. पीटी, म्हणजे स्टाफचा कापलेला प्रोफेशन टॅक्स, वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर वर्षातून एकदाच, मार्चअखेर.

१५ तारीख चुकली तर काय होतं ते नीट समजून घ्या. पीएफवर १२ टक्के व्याज आणि वर दंड हे सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं की मार्च २०२६ पर्यंतच्या नियमात कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा एक दिवस जरी उशिरा भरला तरी इन्कम टॅक्समध्ये तो खर्च कायमचा नाकारला जायचा, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या केसमध्ये हे पक्कं केलं. म्हणजे तुम्ही पैसे भरलेत तरी त्या रकमेवर टॅक्स. आत्ताचा नियम सीएला विचारून घ्या. सर्व्हर १४-१५ ला रडतो, म्हणून १२ ची तारीख धरा.

शॉप ऍक्टमधल्या रजा अशा: वर्षाला ८ कॅज्युअल, ८ सणाच्या पगारी सुट्ट्या (२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेल्या, बाकी चार स्टाफशी बोलून), आणि २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक हक्काची रजा, ४५ पर्यंत साठते. शॉप ऍक्टच्या रजिस्ट्रेशनच्या पायरीच्या आत असाल तर हे तुमच्यावर सक्तीचं नाही, तरी मी म्हणेन याच चौकटीत ठेवा, नंतर माणसं वाढली की सगळं नव्याने बसवावं लागत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने. बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं असेल तर त्यांची लेखी संमती आणि सुरक्षित घरी पोचवायची सोय, हे दोन्ही.

आणि ते "ग्लास फुटला, काप शंभर, उशीर झाला, काप अर्धा दिवस" बंद करा. नव्या वेतन कोडप्रमाणे दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, सगळी कपात मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही, आणि नुकसानीचं कापण्याआधी माणसाला बाजू मांडायला द्यावी लागते. ऍडव्हान्स दिला असेल तर त्याचा साधा कागद करा, हप्ता किती ते लिहून.

पॉश

दहा झाले की अंतर्गत समिती, २०१३ च्या कायद्याप्रमाणे. "आमच्याकडे घरचं वातावरण आहे" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी वादच घालत नाही, ५०,००० चा दंड सांगतो. पण नुसत्या दंडासाठी करू नका. छोट्या जागेत तक्रार करायची तर कोणाकडे, मालकाकडे, आणि तक्रार मालकाच्या भावाविरुद्ध असली तर? समिती यासाठीच असते.

अध्यक्ष सीनियर बाई पाहिजे, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक बाहेरची व्यक्ती जिला या विषयातलं कळतं, वकील किंवा संस्थेत काम करणारी. ऑफिसमध्ये दोनच बायका आहेत आणि दोघी ज्युनियर, तर अध्यक्ष तुमच्या दुसऱ्या ब्रँचमधली घेता येते, तेही नसेल तर दुसऱ्या आस्थापनेतली. नावं आणि फोन भिंतीवर लावा, आतल्या केबिनमध्ये नाही, जिथे सगळे पाणी प्यायला जातात तिथे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. वर्षाचा अहवाल जिल्हा अधिकाऱ्याकडे जानेवारीत पाठवा, तक्रार शून्य असली तरी. दहाच्या आत असाल तर समिती लागत नाही पण कायदा लागू आहेच, तिथे बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते, हे स्टाफला सांगून ठेवायचं काम तुमचं.

एजन्सी आणि माथाडी

सिक्युरिटी किंवा हाउसकीपिंगची एजन्सी असेल तर बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफचं चलन आणि तुमच्या साइटवरच्या माणसांची नावं असलेली यादी घ्या. एजन्सी पळाली तर पगार आणि पीएफ तुमच्याकडे मागतात. माल चढवणं-उतरवणं असेल तर १९६९ चा माथाडी कायदा तुमच्या धंद्याला आणि भागाला लागू आहे का ते तिथल्या माथाडी मंडळात जाऊन विचारा, गोडाऊन भाड्याने घेतल्यावर नाही, घेण्याआधी.

माणूस सोडून जाताना

वेतन कोडप्रमाणे राजीनामा असो की काढलेला असो, त्याचे राहिलेले पगाराचे पैसे दोन कामकाजी दिवसांत द्यायचे. "पुढच्या महिन्याच्या सायकलला होईल" हे आता चालत नाही. म्हणून रजेचा हिशोब आणि ऍडव्हान्स दर महिन्याला अपडेट पाहिजे. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. पीएफ पोर्टलवर सोडल्याची तारीख टाका, नाहीतर तो सहा महिन्यांनी फोन करत बसतो. अनुभवाचं पत्र अडवून धरू नका, त्याने काही वसूल होत नाही.

नोटीस आली तर

घाबरून एजंटला फोन करू नका, आधी वाचा. कुठल्या कायद्याखाली, कुठल्या काळाची माहिती मागितलीय आणि तारीख काय. मुदतीत लेखी उत्तर, पोच घेऊन. मुदत पाहिजे असेल तर तीही लेखी मागा, गप्प बसलात तर एकतर्फी रक्कम ठरवून मोकळे होतात.

पीएफची चौकशी असेल तर अधिकारी हजेरी आणि पगाराच्या रजिस्टरसोबत ताळेबंदही मागतात, आणि तुमच्या नफा-तोटा पत्रकातला पगाराचा खर्च आणि पीएफ रिटर्नमधला आकडा शेजारी शेजारी ठेवतात. मग नजर जाते ती "लेबर चार्जेस", "जॉबवर्क", "वेजेस", "स्टाफ वेल्फेअर" या खात्यांवर. तिथे कॅशने दिलेले चार लाख दिसले आणि कोणाला दिले त्याचं बिल नसलं की ती सगळी रक्कम पगार धरून त्यावर पीएफ लावतात. म्हणून टॅलीवाल्याला आजच सांगा की जॉबवर्कवाल्याचं बिल, त्याचा पॅन आणि कामाचं वर्णन जोडल्याशिवाय लेबर चार्जेसमध्ये एकही एंट्री टाकायची नाही, आणि रंगारी, प्लंबर, फर्निचरवाला यांची मजुरी दुरुस्तीच्या खात्यात वेगळी टाकायची.